जाळ्याचा पुरावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेला वाहने आणि तोफा लपवण्यासाठी जी जाळी मिळत, त्यांत 14 × 14, 24 × 24 आणि 35 × 35 फूट अशी मापे होती. फौजी मॉडेल करणाऱ्यांचे नेहमीचे माप 1/35. त्यामुळे लॉरीवर टाकायचे 35 फुटांचे जाळे टेबलावर बरोबर एक फुटाचे होते, हिशेबाला कागदसुद्धा लागत नाही. सोपेपणा मात्र इथेच संपतो. त्या एक फूट चौकोनात घर केवढे ठेवायचे, दोरा किती जाड, चिंध्या कुठे दाट आणि कुठे विरळ, कड जमिनीला कशी टेकते, हे सगळे ठरवायला पुरावा लागतो. आणि जाळ्याचा पुरावा मिळवणे हे तोफेचा पुरावा मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

भिवंडी तालुक्यातल्या खारबावला माझ्या टेबलावर सध्या जे मॉडेल आहे, ते सहा पौंडी रणगाडाभेदी तोफेचे. इटलीत लढलेल्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये चौथी मराठा रणगाडाभेदी रेजिमेंट होती, तिची एक तोफ मला उभी करायची आहे. तोफेचे किट विकत मिळते. तमिया कंपनीने ते फार वर्षांपूर्वीच काढले. तोफेवरचे जाळे मात्र कुठल्याही खोक्यात मिळत नाही, ते स्वतःच करावे लागते. तेव्हा ते कशाच्या आधारावर करायचे, याचा हा शोध आहे.

आधी माणसे कोण होती ते पाहू. आठवी डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या तारांतो बंदरात उतरली. तिथून बिफेर्नो, त्रिन्यो आणि सांग्रो या नद्या एकामागून एक ओलांडत ती एड्रियाटिक किनाऱ्याने वर सरकली. मे 1944 मध्ये कसिनोच्या अखेरच्या लढाईत तिने गारी नदी पार केली, ऑगस्टमध्ये ती फ्लॉरेन्सपाशी होती आणि 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या बांधांवर चढाई करत होती. त्याच दिवशी, त्याच डिव्हिजनमधल्या 1/5 मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पायदळाच्या या पराक्रमाच्या हकिगती छापील इतिहासांत तपशिलाने येतात. बेळगावच्या मराठा सेंटरने त्या जपल्या आहेत. लेफ्टनंट जनरल अभ्यंकरांचा रेजिमेंटचा इंग्रजी इतिहास 1980 मध्ये निघाला, आणि त्याच्या कितीतरी आधी, 1960 मध्ये, इटलीच्या मोहिमेवरचा धर्मपाल यांचा अधिकृत खंड छापला गेला होता. रणगाडाभेदी तोफखाना मात्र युद्धक्रमाच्या यादीत एका ओळीपुरता येतो. पायदळ जिंकलेल्या जागेवर टिकून राहायचे, शत्रूचे रणगाडे उलटून यायचे तेव्हा त्यांना अडवायला या तोफा लागायच्या. काम असे की नीट झाले तर सांगायला फारसे काही उरत नाही.

सहा पौंडी तोफेचे कॅलिबर 57 मिलिमीटर. 1942 च्या मे महिन्यात उत्तर आफ्रिकेत गझालाच्या लढाईत ती पहिल्यांदा वापरात आली. उंची सुमारे 1.28 मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीपर्यंत. वजन टनापेक्षा थोडे जास्त, मागे पाय पसरले की लांबी साडेचार मीटरांच्या पुढे जाते. ही तोफ मैलोगणती मागे राहून गोळे फेकणारी नव्हे. ती पायदळाच्या बरोबरीने पुढे असते, रणगाड्याची वाट पाहते आणि दिसेल तो रणगाडा थेट नेम धरून मारते. तिचा पहिला गोळा सुटेपर्यंत ती दिसता कामा नये, यावरच गोलंदाजांचे आयुष्य टांगलेले असते. गोळा सुटला की नळीच्या तोंडाचा झगमगाट आणि जमिनीवरून उठणारी धूळ तिची जागा सांगून टाकते. तेव्हा रणगाडाभेदी तोफेवरचे जाळे हा तिच्या हत्याराचाच भाग. मॉडेलवर ते शोभेसाठी टाकणे मला पटत नाही, ते याच कारणाने.

आता पुराव्याकडे. या विषयाची साधने चार प्रकारची आहेत: छापील लष्करी पुस्तिका, छायाचित्रे, युद्धात भाग घेतलेल्यांच्या आठवणी आणि चित्रे, आणि उरलेले प्रत्यक्ष सामान. त्यांतले छायाचित्र सगळ्यांत आधी हाताशी येते आणि सगळ्यांत जास्त फसवते.

इटलीतल्या ब्रिटिश आणि भारतीय फौजांची हजारो अधिकृत छायाचित्रे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये आहेत. आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिटचे लोक फौजेबरोबर फिरत, फिल्मबरोबर तारीख, जागा आणि युनिट लिहून पाठवत. इटलीची बहुतेक चित्रे ‘एन. ए.’ या अक्षरांच्या मालिकेत क्रमांकाने लागलेली आहेत. इतिहासकाराला यापेक्षा जास्त काय हवे? पण तोफेचे छायाचित्र काढायचे तर तोफ दिसली पाहिजे. म्हणून जाळे एका बाजूला ओढलेले असते, पुढचा भाग वर गुंडाळलेला असतो, गोलंदाज नळीमागे ओळीने बसलेले असतात. नीट ताणलेल्या, काम चोख बजावणाऱ्या जाळ्याचे छायाचित्र काढले तर त्यात शेताचा एक तुकडा आणि झुडपासारखे काहीतरी दिसेल, आणि असे चित्र कोण छापणार? जे जाळे सर्वांत चांगले होते, त्याचा छायाचित्रात पुरावा सर्वांत कमी राहिला. आणि मॉडेल करणारे एकमेकांची मॉडेले आणि ही छायाचित्रे पाहून जाळे टाकतात, त्यामुळे नळीवरून अर्धवट घसरलेले, तोफेचा आकार जसाच्या तसा दाखवणारे जाळे हाच नमुना होऊन बसला आहे. छायाचित्रकाराची गरज आपण गोलंदाजाची सवय समजून बसलो आहोत. या लेखात मला मुख्यतः एवढेच म्हणायचे आहे.

छायाचित्राचे दुसरे उणेपण रंगाचे. कृष्णधवल फिल्मवर हिरवा आणि तपकिरी एकाच करड्या छटेत येऊ शकतात, त्यामुळे चिंध्यांचा रंग त्यावरून वाचता येत नाही. पोत मात्र वाचता येतो. धागे कुठे सुटले आहेत, चिंधी सपाट आहे की पिळलेली, गाठ कुठे आहे, हे चांगल्या निगेटिव्हवर भिंगाखाली दिसते. म्हणून रंगासाठी पुस्तिका आणि पोतासाठी छायाचित्र, अशी वाटणी मी केली आहे.

पुस्तिकांकडे वळण्याआधी जाळे आले कुठून ते थोडक्यात सांगायला हवे. 1915 मध्ये फ्रेंच लष्कराने कॅमोफ्लाजचा स्वतंत्र विभाग काढला. त्याचा प्रमुख होता पेस्टल चित्रकार गिरां द सेव्होला. तोफ रंगवलेल्या कापडाखाली झाकण्यापासून सुरुवात झाली. ब्रिटिशांनी 1916 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर विमरो इथे आपली कार्यशाळा उघडली, तिला बाहेरून संशय येऊ नये म्हणून ‘स्पेशल वर्क्स पार्क’ असे नाव दिले. चित्रकार सॉलोमन जे. सॉलोमन यात सुरुवातीपासून होता, आणि जाळ्यांचा आग्रह धरणाऱ्यांत तो पुढे होता. सपाट रंगवलेले कापड वरून घेतलेल्या फोटोत सपाटच दिसते आणि त्याची कड रेघेसारखी उमटते, हे लवकरच लक्षात आले. मासेमारीच्या जाळ्याला रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या की प्रत्येक पट्टी स्वतःची छोटी सावली पाडते आणि खालच्या मोठ्या वस्तूची सावली मोडते. कोळ्याचे जाळे युद्धात शिरले ते असे.

खारबावच्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते. भिवंडी तालुक्याच्या या खाडीपट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या घरांत पाग आणि डोल ही जाळी नवी नाहीत. वाळत घातलेले जाळे ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक असते की सुटे जाळे कापडासारखे पडत नाही. त्याच्या प्रत्येक गाठीला वजन असते, घरे खेचली जाऊन तिरपी होतात, आणि जिथे टांगले तिथून ते ओळींनी उतरते. मॉडेलच्या जाळ्यात हे पडणे दिसले नाही, तर बाकी सगळे बरोबर असूनही काही खरे वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे शास्त्र झाले होते. इंग्लंडमध्ये 1940 मध्ये फार्नहॅम किल्ल्यात कॅमोफ्लाजचे विकास आणि शिक्षण केंद्र सुरू झाले. तिथे शिकलेल्यांत प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट होता. प्राण्यांच्या रंगांवरचा त्याचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी आला होता. सरडा किंवा पक्षी पाठीकडे गडद आणि पोटाकडे फिकट असतो, त्यामुळे वरून पडणारा उजेड त्याची गोलाई पुसतो, हे तो तोफांना लावून दाखवत असे. तिथलाच जेफ्री बार्कास पुढे मध्यपूर्वेतल्या कॅमोफ्लाजचा प्रमुख झाला. नोव्हेंबर 1941 मध्ये कैरोजवळ हेलवानला शाळा निघाली, कॉट तिचा मुख्य शिक्षक झाला. बार्कासने आपल्या आठवणी 1952 मध्ये छापल्या. त्या वाचनीय आहेत, पण युद्धानंतर काही वर्षांनी, सर्वसाधारण वाचकासाठी लिहिलेल्या. मी त्यांतून वातावरण घेतो, मापे घेत नाही.

मापे आणि रीती घ्यायच्या त्या पुस्तिकांतून. ब्रिटिश वॉर ऑफिसची मिलिटरी ट्रेनिंग पॅम्फ्लेट क्रमांक 46 ही कॅमोफ्लाजवरची मालिका 1941 पासून निघाली, वाहने कशी रंगवायची याचा भागही तिच्यातच आहे. त्याच वर्षी चित्रकार रोलंड पेनरोझने होमगार्डसाठी कॅमोफ्लाजची एक पुस्तिका लिहिली. शिवणयंत्रही हाताशी नसलेल्या माणसाला समजेल अशी ती आहे. अमेरिकनांची फील्ड मॅन्युअल 5-20 ही मालिका 1944 ची. तिच्यात मूलतत्त्वांवर वेगळा भाग आहे, वाहनांवर वेगळा, तोफखान्यावर वेगळा, आणि सामान कसे बनवायचे यावर तर पूर्ण स्वतंत्र भाग आहे. मराठा गोलंदाजांकडे ब्रिटिश पद्धतीचे सामान होते, तेव्हा अमेरिकन मॅन्युअल त्यांना थेट लागू होत नाही. पण इटलीत दोन्ही फौजा शेजारी शेजारी लढत होत्या, आणि ब्रिटिश पुस्तिका जिथे एका वाक्यात आटोपते तिथे अमेरिकन मॅन्युअल आकृती काढून दाखवते. दोन्ही पुस्तके जिथे एकच सांगतात तिथे मी ती गोष्ट पक्की धरतो. अमेरिकनांची 36 × 44 फुटांची जाळी मात्र माझ्या तोफेवर येणार नाही.

दोन्हीकडे एकमत असलेल्या गोष्टी अशा. जाळे वस्तूला गुंडाळायचे नसते. ते खुंट्या आणि काठ्यांवर वस्तूच्या वर सपाट, ताठ उभारायचे किंवा वस्तूवरून हलक्या उतारावर चारी बाजूंना जमिनीपर्यंत न्यायचे. कुठेही कोपरा, खांदा किंवा नळी आतून उमटता कामा नये. चिंध्या मधल्या भागात दाट भरायच्या आणि कडेकडे विरळ करत न्यायच्या, म्हणजे जाळे कुठे संपले आणि गवत कुठे सुरू झाले हे कळत नाही. कड सरळ रेघेत जमिनीवर आली तर सगळी मेहनत वाया जाते. सर्वांत महत्त्वाचे हे, की जाळे आधीच्या खुणा लपवत नाही. चाकांच्या रेघा शेत ओलांडून तोफेपाशी येऊन थांबल्या असतील, तर जाळ्याखाली काय आहे ते विमानातल्या पोरालाही कळेल.

हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः विमान होते. इटलीतल्या गोलंदाजापुढचा प्रश्न थोडा वेगळा होता, आणि इथे पुस्तिका सोडून मोहिमेच्या इतिहासाकडे यावे लागते. 1944 येईपर्यंत आकाशावर दोस्तांचे राज्य झाले होते, जर्मन विमाने क्वचितच फिरकत. पण इटली हा डोंगरांचा देश. सांग्रो असो की गारी, जर्मन नेहमी पुढच्या उंच कड्यावर असत आणि दुर्बिणीतून खालचे खोरे दिवसभर न्याहाळत. म्हणजे तोफेकडे पाहणारा डोळा सरळ डोक्यावर नव्हता, तो तिरपा होता, पुढून आणि थोडा वरून. अशा नजरेला जाळ्याचा माथा कमी आणि पुढचा उतार जास्त दिसतो. म्हणून माझ्या मॉडेलवर पुढच्या उतारावर चिंध्या मध्यभागाइतक्याच दाट ठेवल्या आहेत, आणि मागची बाजू, जिथून गोलंदाज गोळे आत-बाहेर करतील, ती मोकळी आणि थोडी वर उचललेली आहे. हे अनुमान आहे. पण ते नद्यांच्या आणि कड्यांच्या नकाशावरून काढलेले अनुमान आहे.

जाळ्याचे मापही अनुमानानेच ठरवावे लागले. 14 फुटांचे जाळे या तोफेला पुरत नाही, साडेचार मीटरांवरची लांबीसुद्धा त्याने पुरती झाकली जात नाही, मग उताराला काय उरणार. 35 फुटांचे घेतले तर दीड मीटरहून बुटक्या तोफेभोवती कापडाचा ढीग होतो. 24 फूट म्हणजे 7.3 मीटर, तोफ झाकून चारी बाजूंना बेताचा उतार मिळतो. तेव्हा तोफेवर 24 फुटांचे, मॉडेलवर 20.9 सेंटिमीटर, आणि तोफ ओढणाऱ्या ओढगाडीवर 35 फुटांचे, म्हणजे टेबलावर एक फुटाचे.

आता सामान. जाळे कापसाच्या किंवा तागाच्या सुतळीचे, गाठी मारलेले. चिंध्या गोणपाटाच्या. या गोणपाटामागे एक मोठी गोष्ट उभी आहे. तागाचे कापड म्हणजे बंगाल आणि कलकत्त्याच्या गिरण्या. पहिल्या महायुद्धापासून वाळूच्या पोत्यांनी त्या गिरण्यांना अपार धंदा दिला, आणि त्याच तागाच्या पट्ट्या जाळ्यांत ओवल्या गेल्या. जे हिंदुस्थानी जवान इटलीत या जाळ्यांखाली बसले, त्यांच्या डोक्यावर बहुधा हिंदुस्थानचाच ताग होता.

ओवण्याचे काम इंग्लंडमध्ये बायकांनी केले. 1938 मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेसच्या बायका गावागावांच्या सभागृहांत जाळी टांगून त्यांत पट्ट्या ओवत. तागाची कूस नाकातोंडात जाई, रंग हाताला लागे. चित्रकार एव्हलिन डनबर हिने 1941 मध्ये आजारातून उठलेल्या परिचारिका हे काम करताना रंगवल्या, ते चित्र आज इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये आहे. मला या साधनांचे मोल पुस्तिकेइतकेच वाटते, कारण त्यांतून हात दिसतात. एकेका माणसाच्या हाताने ओवलेली पट्टी एकसारखी असूच शकत नाही. एकीची गाठ घट्ट असते, दुसरी दोन घरे सोडून पुढे जाते, तिसरीच्या पट्टीचे टोक लोंबते. मॉडेलच्या जाळ्यात यंत्राचा सारखेपणा आला तर तो या बायकांवर अन्याय आहे. आणि जाळे उभे टांगून भरायचे, हा धडाही मी त्यांच्याकडूनच घेतला. छोटे जाळे मी कशिद्याच्या गोल फ्रेमवर ताणून उभे धरतो, आडवे ठेवून भरत नाही. आडवे ठेवले की चिंध्या कापडावर पसरतात, उभे धरले की घरांतून लोंबतात.

आता आकडे बारीक होतात. समजा खऱ्या जाळ्याचे घर 3 इंचांचे आहे. 1/35 मापात ते 2.2 मिलिमीटर होईल. खरी सुतळी 2 ते 3 मिलिमीटर जाड, म्हणजे मापात 0.06 ते 0.09 मिलिमीटर, केसाएवढी. साधा शिवणीचा दोरा याच्या दुप्पट-तिप्पट जाड पडतो, खऱ्या जगात तो पेन्सिलीएवढा जाड दोर झाला. अमेरिकन मॅन्युअलमधली पट्टी 2 इंच रुंद. मापात दीड मिलिमीटरहून किंचित कमी. गोणपाटाची जाडी मिलिमीटरभर, म्हणजे मापात 0.03 मिलिमीटर. वहीचा कागद त्याच्या तिप्पट जाड असतो, तो कापून लावला तर चिंध्या फळकुटांसारख्या दिसतात. पतंगाचा किंवा टिश्यू कागद या मापाच्या जवळ येतो.

जाळ्यासाठी दोन सामाने मी समोर ठेवली. पहिले बँडेजचे कापड. सुती, सैल विणीचे, पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवले की ओल्या कापडासारखे मऊ पडते आणि वाळल्यावर तसेच राहते. पडण्यात त्याला तोड नाही. पण एका इंचात साधारण वीस ते चोवीस धागे, म्हणजे घर मिलिमीटरभराचे. मापात ते दीड-पावणेदोन इंचांचे होते, खऱ्या जाळ्यापेक्षा अर्धे. त्यावर उपाय म्हणजे एक आड एक धागा ओढून काढायचा, ताण्यातलाही आणि बाण्यातलाही. हे काम निवांतपणाचे आहे. पावरलूमच्या गावांत राहणाऱ्याला ताणा-बाणा कुठून सुटतो आणि कुठे अडतो हे शिकवावे लागत नाही, तरी कड धरून हळू ओढले नाही तर सगळे विसकटते. धागे काढून झाले की फ्रेमवर ताणायचे आणि पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्यायचा, म्हणजे जिथे धागे एकमेकांना ओलांडतात तिथे ते चिकटतात आणि गाठीसारखे वागतात.

दुसरे सामान मच्छरदाणीचे. प्रमाणित मच्छरदाणीत चौरस इंचाला 156 छिद्रे असतात, म्हणजे छिद्रापासून छिद्र सुमारे 2 मिलिमीटर. मापात पावणेतीन इंच. घर अगदी जवळ बसते आणि दोराही बारीक, साधारण 0.1 मिलिमीटरचा. पण हा दोरा पॉलिस्टरचा, तो पाण्यातल्या डिंकाला जुमानत नाही आणि वाकवला की परत ताठ होतो. सपाट माथ्याला हे कापड उत्तम. उताराला, कोपऱ्याला आणि गुंडाळलेल्या जाळ्याला बँडेजच. मी तोफेवरच्या जाळ्याला बँडेज वापरले, आणि ओढगाडीवर ताठ उभारलेल्या जाळ्याला मच्छरदाणी. एकाच प्रकारच्या जाळ्यासाठी दोन वेगळी कापडे वापरणे योग्य का, असे कुणी विचारेल. माझे उत्तर असे की पुराव्याने जाळ्याचे घर आणि पडणे सांगितले आहे. ती दोन्ही जिथे मिळतील तिथून घ्यावीत.

चिंध्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वाळलेला चहा, ओवा, सुकी पाने चुरून गोंदावर शिंपडणे ही मॉडेलवाल्यांची जुनी युक्ती आहे. लांबून ते पाल्यासारखे दिसते. पण साधने सांगतात ती गोणपाटाची पट्टी, घरांतून वर-खाली ओवलेली, पाने नव्हेत. इटलीच्या द्राक्षबागांत आणि ऑलिव्हच्या रानात जवान ताजा पाला जाळ्यावर खोचत असतीलच, पण तोडलेला पाला दिवसभरात सुकतो आणि त्याचा रंग उलटा ओरडू लागतो, म्हणून तो बदलत राहावे लागते, असे पुस्तिका बजावतात. पाला हा वरचा थर, तोही थोडा. खालचा थर कापडाचाच. दीड मिलिमीटरच्या टिश्यूच्या पट्ट्या ओल्या करून, चिमट्याने दोन घरांतून ओवून, मध्येच पीळ देऊन सोडायच्या. मधल्या भागात जमीन दिसू नये इतक्या. कडेच्या दोन सेंटिमीटरांत तर दोन-चार घरे सोडून एखादी.

रंगात मी सावध राहिलो आहे. गडद हिरवा आणि तपकिरी हा जोड पायाला, कारण ब्रिटिश रंगपुस्तिकांचा कल तिकडे आहे. त्यावर उन्हाचा परिणाम. ताग उन्हात लवकर विटतो, वरच्या पट्ट्या खालच्यांपेक्षा फिकट होतात. कॉटच्या सरड्याचे हे बरोबर उलट आहे, वर फिकट आणि खाली गडद, आणि जुने जाळे दुपारच्या उजेडात उठून दिसण्याचे एक कारण तेच. मी सांग्रोचा नोव्हेंबर निवडला आहे. पावसाने आणि चिखलाने माखलेला, तेव्हा खालच्या कडेला मातीचा लेप आणि वरच्या पट्ट्या ओल्या, गडद. ओल्या जाळ्याला आणखी एक गुण असतो: तागाचा किंवा कापसाचा दोर भिजला की आखडतो. कोरड्या दिवशी बांधलेले जाळे पावसात तंबूसारखे ताणले जाते आणि खुंट्या उपटते. म्हणून माझ्या खुंट्यांवरचे दोर ताठ आहेत, आणि एका बाजूची खुंटी चिखलात तिरकी झाली आहे.

नळीचे तोंड जाळ्याबाहेर किती काढायचे, हा शेवटचा प्रश्न. तोफ मारणार असेल तर पुढचा भाग वर उचलता आला पाहिजे. तोंड जाळ्याच्या आतच राहिले, तर पहिल्याच गोळ्याच्या झोताने चिंध्या फाटतील, जळतील. अमेरिकन तोफखाना मॅन्युअलमध्ये पुढचा पडदा वर करायची सोय आकृतीत दाखवली आहे. मी नळीचे तोंड जाळ्याच्या कडेच्या आत ठेवले आहे आणि पुढचा पडदा दोन दोऱ्यांवर बांधला आहे. दोऱ्या मागे, ढालीच्या कडेला अडकवलेल्या, एका झटक्यात सुटतील अशा. तोफ अजून वाट पाहते आहे, म्हणून नळी दिसत नाही. प्रदर्शनात पाहणाऱ्याला तोफ शोधावी लागेल, आणि किटवर घेतलेली निम्मी मेहनत जाळ्याखाली जाईल. ढालीचे रिव्हेट, नेमाच्या दुर्बिणीचा कंस, पायांवरच्या कड्या, सगळे आत.

पायथ्याच्या फळीवर चाकांच्या रेघा काढायचे काम उरले आहे. पुस्तिका सांगते की रेघा तोफेपाशी थांबू नयेत, पुढे कुठेतरी नेऊन सोडाव्यात. तेव्हा ओढगाडीने तोफ सोडल्यावर सरळ पुढे जाऊन शेताच्या बांधापलीकडे वळण घेतले, असे मी धरले आहे. त्या वळणापर्यंत रेघा जायच्या तर फळी आणखी दहा सेंटिमीटर लांब हवी.